कुत्र्याचं पान

दत्तप्रसाद हा इथे परदेशात, क्रेगीबर्नमधला माझा शेजारी, मूळचा सांगलीचा. लहानपणापासून त्याला कारवानी कुत्रा हवा होता, धनगरांकडे असतो तसला, उंच, सडपातळ, ससा दिसला की सुटणारा. त्याच्या बायकोने, यामिनीने, ते कधी होऊ दिलं नाही. आधी स्वतः वेळेवर जेवायला शीक, मग कुत्र्याला घाल, म्हणायची. खोटं नव्हतं. हा माणूस फ्रिजसमोर उभ्या उभ्या गार पोळी खाणारा.

यामिनी गेली आणि घर त्याला खायला उठलं. मूलबाळ नाही, काम घरूनच, मीटिंग संपली की बोलायला भिंती. मी म्हटलं, बीगल आण, निदान रडून-भुंकून घर जागं ठेवेल. त्याने आणला शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड, का तर तो कारवानीचा भाऊबंद. नाव ठेवलं बाजी. हा बाजी भुंकत नाही. दिवसभर सोफ्यावर घोरतो आणि मधूनच येऊन मालकाच्या मांडीला अंग टेकून उभा राहतो. असला राखणदार मी जन्मात पाहिला नव्हता. पण काही हललं, उडालं की हाच आळशी बाणासारखा सुटायचा, म्हणून कुंपणाबाहेर कायम पट्टा.

वर्षश्राद्धाला दत्ताने मला जेवायला बोलावलं. परसात कुंपणाशी पान ठेवलं होतं: भात, वडे, खीर. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. कावळे समोरच्या झाडावर बसलेच होते, पण एक जरा खाली उतरला की बाजी धावलाच. घरात कोंडला, तर काचेला नाक लावून उभा. त्याला बघून कावळे फांदी सोडेनात.

दुपार टळली. मला कारण सरळ दिसत होतं, दत्ताच्या मनात मात्र भलतंच. तो पानापुढे हात जोडून म्हणाला, "यामिनी, तुला घरात कुत्रा नको होता, माहितीये मला. उद्या परत देऊन येतो."

कावळा हलला नाही. माझ्या पोटातले मात्र केव्हाचे ओरडत होते, त्यात हे ऐकून माझं डोकंच फिरलं. त्याला सुनावलं, श्राद्धात कुत्र्याचंही पान असतं, विसरलास? सकाळपासून तो मुका जीव उपाशी आहे. आधी त्याला वाढ.

दत्ता आत गेला. बाजीने काच सोडली आणि त्याच्या मांडीला टेकून उभा राहिला. तिथेच दत्ताला रडू फुटलं. उघड्या खिडकीतून मला ऐकू आलं.

"नाही गं देववणार मला. रागवायचं तर रागव. घरात कोणीतरी लागतं मला."

मग त्याने बाजीला भात वाढला, स्वतःचंही ताट घेतलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसला. बाजीचं तोंड ताटलीत, पाठ खिडकीकडे. तेवढ्यात एक कावळा उतरला, वडा उचलला आणि गेला.

मी हाक मारणार होतो. पण काचेतून दत्ता दिसला. मांडी घालून, नीट बसून, सावकाश जेवत होता. यामिनी गेल्यापासून मी त्याला असं जेवताना पाहिलं नव्हतं. मी हाक मारली नाही.