ऊन दाखवलेली नदी

झुलालभाऊ फ्रेमवाल्यांची एक सवय सदतीस वर्षांची. लग्नाचा फोटो असो की देवाची तसबीर, काच बसवण्याआधी आतल्या कागदाला दहा मिनिटं ऊन दाखवायचं. ओल राहिली तर आतून बुरशी धरते. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या दुकानातला एकही फोटो बुरशी लागून परत आला नव्हता.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी त्यांनी मोहिनीताईंनी फ्रेमसाठी दिलेलं, त्यांच्या वडिलांनी काढलेलं चित्र वर्तमानपत्रातून सोडवलं आणि दोन पट्ट्यांवर पालथं, तापल्या पत्र्यावर ठेवलं. ओल पाठीत असते. मग जेवले. डोळा लागला. उठले तेव्हा तीन वाजले होते.

चित्र उलटून त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. वहीएवढा पुठ्ठा. झाडं म्हणजे हिरवे फटकारे, नदीला काठ नाही, आभाळ पाण्यात सांडलेलं. रंगात वाळूचे कणसुद्धा.

"बठ्ठं वितळी गयं!" बायको इंदिराबाई वाकून म्हणाल्या. "आखो झोपा! तिले सांगू नका. तिले काय समजी?"

झुलालभाऊंना ते पटेना, आणि सांगायचं कसं तेही सुचेना. दुसऱ्या दिवशी मास्तरांचं, म्हणजे मोहिनीताईंच्या वडिलांचं, वर्षश्राद्ध. धरणगावला ड्रॉइंग शिकवणाऱ्या या माणसाचं घरात उरलेलं एवढंच चित्र.

पाचला मोहिनीताई आल्या.

"ताई, चित्र माझ्या हातून बिघडलं. उन्हात राहिलं."

त्यांनी ते दाराशी नेलं, जवळ धरलं, लांब धरलं.

"नाना गिरणा नदीच्या काठावर बसून काढायचे. असंच होतं वाटतं. की नव्हतं? बारा वर्षं पेटीत होतं, भाऊ. मला तरी कुठं आठवतंय?"

इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग झुलालभाऊंनी चष्मा चढवला. खालच्या कोपऱ्यात तांबड्या रंगात सही होती, खाली तारीख. केसाएवढ्या रेघा, एकही फुटलेली नाही.

"ताई, रंग वाहिला असता तर सही राहिली असती का?"

मोहिनीताईंनी सहीवरून बोट फिरवलं आणि तिथेच स्टुलावर बसल्या. "करा फ्रेम," म्हणाल्या.

झुलालभाऊंनी पट्ट्या जोडल्या, बारीक खिळे ठोकले. जीव भांड्यात पडला होता, पण डोकं जागेवर येत नव्हतं. ज्याचा हात इतका बारीक चालतो, त्यानं झाडं अशी का काढावीत? विचारायला मास्तर नव्हते. गुंडाळण्याआधी त्यांनी सही पुन्हा एकदा तपासली.