कानपिळी

माणसाने मोठ्या मनाने माफ करावं, असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा स्वतः मार खाल्लेला नसतो. जव्हारच्या पोशीला असं कुणी शिकवायला आलं, की ती म्हणायची, ‘तू कर माफ. माझ्या वाटनीचा पन तूच कर.’ आणि वर टाळी द्यायची, ती अशी की शिकवणारा चहा न घेताच उठायचा.

पोशी ‘उंबरा’ नावाची संस्था चालवते. एस.टी. स्टँडच्या मागे, रेशन दुकानाच्या वर दोन खोल्या. घराने हाकलून दिलेल्या तृतीयपंथी पोरींना तिथे ठेवून घ्यायचं, आधार कार्डापासून ठाण्याच्या दवाखान्यापर्यंत त्यांच्याबरोबर वणवण करायची, आणि कुणी त्यांच्या अंगावर हात टाकला तर तक्रार लिहून घेईपर्यंत पोलीस ठाण्यातून हलायचं नाही, हे संस्थेचं काम. या शेवटच्या कामात पोशीचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. बाकीचं जयश्री बघायची. जयश्री मोखाड्याची, सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. भाऊ म्हणून वाढवलेलं तिचं धाकटं भावंड घरच्या जाचाने विहिरीत गेलं, तेव्हा ही ड्युटीवर होती. तेव्हापासून ती कुणावर ओरडत नसे. एक भडकायची, दुसरी विझवायची, आणि संस्था या दोघींच्या भांडणावर बरी चालली होती.

पोशी मूळची जव्हारजवळच्या वांगणीची. बाप बुध्या. जमिनीचा तुकडा नाही. पाऊस सरला की घरदार भिवंडीकडे वीटभट्टीवर. पोर भट्टीवर मरेल त्यापेक्षा दोन घास खाईल म्हणून बापाने तिला आश्रमशाळेत टाकलं. तेव्हा ती पोश्या होती. म्हणजे लोकांच्या लेखी होती; तिच्या स्वतःच्या लेखी काय होतं ते तिला सांगता येत नव्हतं, आणि विचारलंही कुणी नव्हतं.

त्या शाळेत भास्कर सर होते. गणित शिकवायचे आणि विनोदी म्हणून नावाजलेले होते. त्यांच्या विनोदाला दर वेळी एक पोर लागायचं. एकदा प्रार्थनेच्या वेळी त्यांनी पोशीला पुढे बोलावलं. ‘बायकांसारखा चालतोस ना? मग भर बांगड्या,’ असं म्हणून अख्ख्या शाळेसमोर तिच्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या चढवल्या. शाळा हसून लोळली. शिक्षा अशी, की आठवडाभर त्या काढायच्या नाहीत. पण सरांचं गणित चुकलं. पोशीला त्या बांगड्या आवडल्या. वर्गात फळ्याकडे बघायचं सोडून ती हळूच हात हलवून त्यांचा आवाज ऐकत बसली, आणि सरांनी ते पाहिलं. शिक्षेत पोरगं सुखावतंय हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी तिचा हात बाकावर दाबून धरला आणि लाकडी पट्टीने सगळ्या बांगड्या फोडल्या. विधवेच्यासुद्धा कुणी अशा फोडत नाही. काच मनगटात शिरली, आणि शाळा पुन्हा हसली.

पोशी पळाली ती लाकडाच्या ट्रकमधून थेट ठाण्याला. कळव्याच्या एका तृतीयपंथी गुरूने तिला पदराखाली घेतलं. सिग्नलवर मागितलं, शिव्या खाल्ल्या, हिंदी शिकली, कायदा शिकली, आणि गुरू वारल्यावर परत डोंगरावर आली. पोश्याची पोशी व्हायला एक वेलांटी पुरली. गावाने पोश्याच म्हणायचं ठरवलं, तर तिने ते ऐकूच न येण्याचं ठरवलं.

सरांवर मात्र तिची नजर होती. त्यांनी जव्हारला घर बांधलं, सेवानिवृत्तीचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, सगळं तिला ठाऊक होतं. बाजारात ते भाजी निवडताना दिसले की ती पलीकडच्या कडेला उभी राहून डोळे भरून बघायची, भक्त देवाकडे बघतो तसं. ‘गाठ पडंल,’ जयश्रीला म्हणायची. ‘डोंगर एकच हाय. जाईल कुठं?’

आणि दैव बघा. गेल्या दिवाळीनंतर एक बारीक अंगाची, हळू आवाजाची पोर पाठीवर बॅग लावून संस्थेच्या जिन्यावर येऊन बसली. घरचं नाव हर्षल, स्वतः निवडलेलं शलाका. बापाचं नाव विचारलं तर भास्कर सर. त्या क्षणी पोशीला आनंद झाला. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झाला, आणि चांगला पोटभर झाला. पोरीला तिने जवळ घेतलं, दूध दिलं, नागलीची भाकरी दिली, आणि मनात म्हणाली, मास्तर आला बरा हातात.

पुढे जीव जडला हेही खरं. शलाका शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायला शिकली, संस्थेचे अर्ज सुबक अक्षरात लिहायला लागली. तिची एकच हळवी जागा होती, बहीण प्रांजल. वैशाखात प्रांजलचं लग्न ठरलं. गावाबाहेरच्या शिरपामाळावर काढलेले नवरा-नवरीचे फोटो शलाका मोबाइलवर पुन्हा पुन्हा मोठे करून बघायची. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणून दम भरतो, आणि नवरा त्याला आहेर करून हात जोडतो. ती कानपिळी. लहानपणी बहिणींचं ठरलेलं होतं. ‘तूच पिळायचास,’ प्रांजलने बजावलं होतं, ‘आणि रडला पाहिजे असा पीळ.’

लग्न तोंडावर आलं आणि भास्कर सर जिना चढून वर आले. चपला बाहेर काढून आले, हे पोशीने आधी टिपलं. जयश्रीने पाणी दिलं. आतल्या खोलीत शिलाई मशीन चालता चालता थांबलं.

‘ताई, माझ्या मुलाला एक दिवस पाठवा,’ सर म्हणाले. ‘व्याही विचारतायत, नवरीचा भाऊ कुठंय. फेटा बांधला की केस दिसणार नाहीत. कानपिळी उरकली की मी स्वतः आणून सोडतो.’

‘मुलगा? अशा नावाचं कोनी नाय अठं,’ पोशी म्हणाली. मग जरा पुढे सरकून तिने विचारलं, ‘मना वळखलंत का, सर?’

सरांनी चष्मा सारखा केला. ‘नाही बुवा. कामाबद्दल मात्र चांगलंच ऐकून आहे.’

ही भेट पोशीने मनात हजारदा रंगवली होती. त्यात कधी सर थरथरायचे, कधी पाय धरायचे, कधी उलटून शिव्या द्यायचे. पण प्रत्येक वेळी ओळखायचे. तिने बाही वर करून मनगट पुढे धरलं. ‘आश्रमशाळा. हिरव्या बांगड्या.’

‘इतकी मुलं हाताखालून गेली, ताई. कुणाकुणाला लक्षात ठेवणार?’

जिच्यासाठी इतकी वर्षं जळले, ती गोष्ट याच्या लेखी घडलीच नव्हती! तिचं मनगट तसंच पुढे राहिलं.

‘खोटं बोलतायत बाबा,’ दारातून आवाज आला. शलाका बाहेर आली होती. ‘ताई, आमच्या घरात तुमचं नाव रोज निघायचं. मी प्रांजलची रिबन लावली की, पोश्या व्हायचंय का? मी हळू बोलले की, पोश्याच्या बांगड्या आणू का? पाहुणे आले की बाबा रंगवून सांगायचे, शाळा कशी हसली, बांगड्या कशा फोडल्या. सगळे हसायचे. मला मात्र एवढंच कळायचं, की माझ्यासारखं जगात आणखी कुणीतरी आहे आणि त्याचं नाव पोश्या. घर सोडलं तेव्हा स्टँडवर मी तेच नाव विचारलं.’

पोशी हसली. आधी घशात, मग मोकळी, आणि तिने अशी टाळी मारली की खाली रेशनच्या रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या. ‘म्हंजे तुमीच पाठवलीत हिला, सर! माझा पत्ता तुमीच दिलात! पाहुन्यांना हसवता हसवता लेकराला वाट दाखवलीत!’

सर खुर्चीत खचले. त्यांच्या ओठांवरचा घाम पोशीने बघून घेतला आणि मग तिने भाव सांगितला. शलाका लग्नाला येईल, पण शलाका म्हणूनच. आणि सरांनी तिला रीतसर अक्षत द्यायला यायचं. वर खोलीत नाही, खाली भर बाजारात. सगळ्यांदेखत तिच्या कपाळाला कुंकू लावायचं, हातावर तांदूळ ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचं, माझी मुलगी शलाका, हिला लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण.

‘साडीत आली तरी चालेल,’ सर जमिनीकडे बघत पुटपुटले. ‘बायकांत बसू दे. कानपिळीसुद्धा... करू दे. प्रांजल नाहीतरी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. व्याह्यांना मी कसंही समजावतो. पण ते बाजारात, चारचौघांत... माझ्याच्याने होणार नाही, ताई.’

शलाकाचा चेहरा उजळला. जयश्रीने तो पाहिला. पोशी सरांकडे बघत होती.

‘घे, पोशी,’ जयश्री घाईने म्हणाली. ‘एवढं पुष्कळ झालं.’

‘नाय. शाळेसमोर केला ना? मग बाजारासमोर निस्तरायचा. नायतर चालते व्हा.’

जिने छप्पर दिलं तिच्या शब्दाबाहेर जायची शलाकाची छाती झाली नाही. सर उठले, दारात लेकराकडे एकदा वळून बघितलं, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर अडखळले. खालची बाई खुदकन हसली. ते हसू पोशीला अमृतासारखं गोड लागलं.

त्या दिवशी तिने मटण आणवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्ट सांगितली, सरांची नक्कल करून, घाम पुसून दाखवून. लोक हसले की आणखी रंगवून सांगितली.

‘तिला विचारलंस का?’ भांडी घासताना जयश्री म्हणाली.

‘तिच्यासाठीच तर केला.’

‘नाही गं. तू तुझ्यासाठी केलंस.’

‘केला तर केला. मना बी कोनी न्याय द्यायला नको?’ पोशी म्हणाली.

सर अक्षत घेऊन आले नाहीत. लग्नाच्या दिवशी दुपारी मंगल कार्यालयातला कर्णा सुरू झाला आणि मंगलाष्टका छपरांवरून संस्थेच्या खिडकीत आल्या. शलाका सकाळपासून नवी साडी नेसून बसली होती. कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. तिने डब्यातले तांदूळ मुठीत घेतले. पलीकडे ‘सावधान’ झालं की ती खिडकीतून रस्त्यावर तांदूळ टाकायची. संस्थेतल्या बाकीच्या पोरींनीही मुठी भरल्या. जयश्रीने टाकले. पोशीने हाताची घडी घातली होती.

कडव्यामागून कडवं झालं, सनई वाजली, टाळ्या झाल्या. मग कर्ण्यावरून कुणीतरी पुकारलं, ‘नवरीच्या भावाने पुढं यावं.’ थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. नंतर हशा उठला. कोणीतरी चुलत-मावस पुढे केला असणार.

‘कोण पिळत असेल गं कान?’ शलाका म्हणाली.

पोशी तिच्याजवळ जाऊन बसली. पोरीच्या पाठीवर थाप मारून मोठ्या फुशारकीने म्हणाली, ‘नवऱ्याचा कोनी का पिळंना! तुझ्या बापाचा मी पिळला ना, असा पिळला की जन्मभर लाल रायल!’

‘हो,’ शलाका म्हणाली. ‘पण ताई, मला नवऱ्याचाच पिळायचा होता.’