खंडेनवमीचा बॅकअप

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मगच सांगतो. बघा, तुम्ही आत्ताच हसायला लागलात! बरं, हसा बापडे. फजिती माझीच आहे, आणि ती मी स्वतः, विचार करून, आराखडा काढून, तीन महिने खपून केलेली आहे. अशी फजिती रोज रोज होत नाही.

दोन हजार चार-पाचचा सुमार. भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे तीन टेबलं, चार खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. मी तिथला ‘चीफ डिझायनर’. बाकीचे दोघं मालक होते, त्यामुळे चीफ व्हायला फारशी चुरस नव्हती.

आम्ही बॅकअपचं सॉफ्टवेअर बनवायचो. म्हणजे कॉम्प्युटरमधला सगळा मजकूर एका टेपवर उतरवून ठेवायचा, उद्या कॉम्प्युटरने मान टाकलीच तर सगळं परत मिळावं म्हणून. ही टेप म्हणजे काड्यापेटीहून जराशी मोठी कॅसेट. ती टेप ड्राइव्ह नावाच्या डब्यात सरकवायची आणि कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा. झालं.

पण टेपचा स्वभाव मोठा मानी! माहिती सलग येत राहिली तर बाई झरझर लिहितात. जरा खंड पडला की थांबतात, रुसून थोड्या मागे जातात, आणि पुन्हा सुरुवात करतात. खर्र… टक्… खर्र… टक्. टेप झिजते, वेळ जातो, आणि शेजारी बसलेल्या माणसाचं डोकं उठतं.

आमच्या बाबतीत डोकं उठायचं ते रेश्मावहिनींचं. खारी गावातल्या हरीशेठच्या छापखान्याच्या त्या सूनबाई. कॉम्प्युटरवर पानं लावायचं सगळं काम त्यांच्याकडे.

“सतीशभाऊ, तुमचं सॉफ्टवेअर बॅकअप घेतंय की सुपारी कातरतंय?” असं त्या मला फोनवर विचारायच्या. आता चीफ डिझायनरला हे लागेल की नाही?

उपाय मला सुचला तो सिल्व्हर पार्कमध्ये, आमच्या बिल्डिंगखाली, मोटार बंद पडल्यामुळे बादली घेऊन उभा असताना. नगरपालिकेचं पाणी करंगळीएवढ्या धारेने यायचं. वॉचमन ते आधी खालच्या टाकीत साठू द्यायचा, आणि टाकी भरली की मोटार लावून एका दमात वर चढवायचा. त्या दिवशी त्याने घाई केली होती आणि मोटारीने हवा ओढली होती. मी बादली तिथेच ठेवली आणि ओरडलो, “अरे, हेच तर पाहिजे!” रांगेतल्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

तर माझा आराखडा असा. मजकूर थेट टेपवर पाठवायचाच नाही. आधी तो कॉम्प्युटरमधल्याच एका राखीव जागी जमा करायचा. ही खालची टाकी. ती भरली की सगळं सलग टेपवर चढवायचं. ना थांबणं, ना रुसणं, ना खर्र-टक्. शेवटी पडद्यावर हिरवी पाटी यायची, आणि तीसुद्धा शुद्ध मराठीत: ‘बॅकअप पूर्ण झाला. पडताळणी पूर्ण झाली. निर्धास्त राहा!’

‘निर्धास्त राहा’ हे माझे शब्द बरं का. मालकांचा विरोध पत्करून घातलेले.

ही नवी आवृत्ती पहिल्यांदा लावायची ठरली हरीशेठच्या छापखान्यात, खंडेनवमीला. कारण दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याच्या मुहूर्तावर छापखान्यात नवा कॉम्प्युटर येणार होता, आणि जुना कोरा करून शेठ गावच्या शाळेला देणार होते. मुख्याध्यापकांना सकाळी दहाची वेळ दिलेली.

आणि त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं? खारी गावचा पहिला दिवाळी अंक! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रिका छापल्या, आता एक तरी अंक स्वतःच्या नावाने काढायचा, ही हरीशेठची कित्येक वर्षांची इच्छा. एकशे साठ पानं. रेश्मावहिनींनी दोन महिने बसून लावलेली. आधीचा बॅकअप गणपतीतला, तेव्हा कशीबशी दहा पानं झाली होती. म्हणजे मधलं सगळं त्या एका डबड्यात.

मी दुपारी पोचलो तर छापखाना नुसता सजलेला. छपाईच्या मशीनला झेंडूचे हार, कटिंग मशीनला हळदकुंकू, मॉनिटरच्या कपाळाला टिळा. कोपऱ्यात पाटावर काकींनी हत्यारांची पूजा मांडलेली. काकी म्हणजे शेठच्या बायको, पक्क्या खारीच्या. पाटावर फुलांचा एवढा ढीग की खाली नेमकी कसली हत्यारं आहेत ते दिसू नये.

“काकी, कॉम्प्युटर चालू केला तर चालेल ना?” मी विचारलं.

“चालव की. पाटावर मांडलंय त्याला हात लावाचा न्हाय, बाकी काय बी कर.”

मी बसलो. सॉफ्टवेअर चढवलं. वहिनींना विचारलं, “कॅसेटचं काय?”

“सकाळीच नवी कोरी काढलीय,” आतून आवाज आला. वहिनी नैवेद्याचं बघत होत्या.

काढलीय म्हणजे घातलीच असणार. एवढा साधा विचार कुणीही करील. चीफ डिझायनरने तर केलाच.

मी बटण दाबलं. पडद्यावर आकडे पळू लागले. दहा टक्के, वीस टक्के. आणि टेप ड्राइव्ह? शांत! खर्र नाही, टक् नाही. देवळाच्या गाभाऱ्यात नसेल एवढी शांतता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. “आवाज येत नाहीये.”

“हेच तर डिझाइन आहे!”

“अहो पण अजिबातच नाही.”

“वहिनी, तुम्हाला त्या खरखरीची सवय झालीय. चांगलं यंत्र कधी बोलत नाही.”

काकी डोकावल्या. “त्याची लाइट पन न्हाय लागली रं.”

“काकी, नव्या पद्धतीत लाइटची गरजच नाही,” मी म्हणालो. हे मी का म्हणालो? मला आजतागायत माहीत नाही. त्या क्षणी ते मला खरंच वाटलं, एवढंच सांगू शकतो.

पूर्वी अडीच तास लागायचे. चाळीस मिनिटांत हिरवी पाटी! बॅकअप पूर्ण, पडताळणी पूर्ण, निर्धास्त राहा!

हरीशेठ तर वेडेच झाले. “अरे क्या बात है! ए, सगळे इकडे या रे!” मशीनवरची माणसं आली, शेजारच्या गाळ्यातला गुजराती मिठाईवाला आला. शेठनी मला पाटाशेजारीच उभं करून हातात नारळ दिला. मिठाईवाल्याने विचारलं, “ये इतना जल्दी कैसे हुआ?” आणि मी, नारळ काखेत धरून, खालची टाकी, वरची टाकी, मोटार, सगळं दहा मिनिटं समजावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

टाळ्या फार वाईट. टाळ्या मिळाल्या की माणूस पुढचं वाक्य बोलतो.

“शेठ,” मी म्हणालो, “उद्याची वाट कशाला बघायची? जुना कॉम्प्युटर आत्ताच कोरा करून देतो.”

वहिनींचा चेहरा उतरला. “एकदा टेपवरून दोन पानं उघडून बघू या का? माझी दोन महिन्यांची मेहनत आहे.”

“वहिनी, पाटीवर काय लिहिलंय? निर्धास्त राहा. ती पाटी मी लिहिलीय!”

मी हुकूम टाइप केला. कॉम्प्युटरने विचारलं, सगळं पुसायचं, नक्की? ‘हो’वर बोट ठेवलं. तेवढ्यात काकी कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. “थांब जरा. एवढं मोठं काम केलंस, तुला टिळा लावते.” मी बोट तिथेच ठेवून मान पुढे केली. टिळा लावता लावता काकी कौतुकाने म्हणाल्या, “त्या कॅसेटींना पन मी चांगली जागा दिली बरं. तांदळावर ठेवल्यात, पाटावर.”

“कोणत्या कॅसेटी, काकी?”

“त्याच की, या डबड्याच्या. रेश्माची सगळ्यांत मोलाची हत्यारं तीच. म्हनून सकालीच मांडल्या.”

मी हसलो. अगदी समजूतदारपणे हसलो. “काकी, कॅसेट ड्राइव्हमध्ये आहे. हा बघा पुरावा.” आणि दुसऱ्या हाताने कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबलं.

काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं. वाकून झडपेतून आत पाहिलं. आत अंधार होता, आणि सकाळच्या पूजेतली झेंडूची एक पाकळी.

पडद्यावर अजून हिरवी पाटी. निर्धास्त राहा!

‘हो’वरचं माझं बोट मी इतक्या हळू उचललं, इतक्या हळू, की सापाच्या शेपटीवरूनसुद्धा कुणी एवढ्या हळू पाय उचलला नसेल.

झालं काय होतं, सांगतो. पूर्वी टेप तयार नसली की सॉफ्टवेअर लाल पाटी दाखवायचं, आणि शेठ घाबरून सकाळी सातला माझ्या घरी फोन करायचे. म्हणून नव्या आवृत्तीत मी म्हटलं, टेप तयार नसेल तर गुपचूप वाट बघ, बोंबाबोंब करू नकोस. आणि टेपवरून परत वाचून पडताळणी करायची तर वेळ दुप्पट. म्हणून पडताळणी केली खालच्या टाकीतच! म्हणजे टाकीत भरलेला मजकूर मूळ मजकुराशी जुळतोय का, एवढंच बघायचं, आणि जुळला की हिरवी पाटी. तो जुळणारच की! त्याच कॉम्प्युटरमधून, त्याच कॉम्प्युटरमध्ये. आणि मी निघालो होतो तोच कॉम्प्युटर पुसायला, टाकीसकट.

वहिनी खुर्ची ओढून कॉम्प्युटर आणि मी यांच्यामध्ये बसल्या.

“काकी,” मी हात जोडले, “एक कॅसेट द्या हो.”

“पूजेतलं उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हलनार न्हाय.”

“मग दुसरी कोरी?”

“तीन होत्या,” वहिनी पाटावरच्या फुलांखाली डोकावून म्हणाल्या. “तिन्ही पाटावर.”

मिठाईवाला अजून तिथेच होता. “तो ऊपर की टंकी में पानी गया ही नहीं?” त्याने अगदी मनापासून विचारलं. माझं भाषण फक्त त्यालाच पूर्ण कळलं होतं.

दसऱ्याला भल्या सकाळी मी छापखान्याच्या दारात हजर. काकींनी उत्तरपूजा केली आणि हळदकुंकवाने माखलेली कॅसेट माझ्या हातात दिली. मी अर्धा तास कापसाने तिच्या फटींतल्या अक्षता काढत होतो. मग टाकीतला मजकूर टेपवर गेला. ड्राइव्हने छान मंद आवाज केला, लाइटही लागली. मुळात आवाज होताच, आणि लाइटची गरजही होतीच!

मुख्याध्यापक दहाला आले. पण वहिनी जागच्या हलेनात. “आता टेपवरून नव्या कॉम्प्युटरवर घ्या. आणि उघडून दाखवा.”

“किती पानं?”

“एकशे साठ.”

एकेक पान मी उघडलं, एकेक त्यांनी वाचलं. मुख्याध्यापकांनी तेवढ्या वेळात तीनदा शिरा खाल्ला. शेवटचं पान दिसल्यावर वहिनींनी जो श्वास सोडला, तो ऐकून मला माझीच लाज वाटली. खरोखर वाटली.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण शेवटच्या क्षणी अंकातली एक जाहिरात गळली आणि एक पान रिकामं राहिलं. ते पान वहिनींनी माझ्या या फजितीने भरलं. नाव-गावासकट, लाइटच्या वाक्यासकट! प्रूफ शेठनी मलाच वाचायला दिलं. “शुद्धलेखन बघ हां. मजकुराला हात लावायचा नाय.”

पुढे दोन वर्षांनी मी मुलगी बघायला वसईला गेलो. मुलगी चहा घेऊन आली. मी घाबरलेला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून घाईने म्हणालो, “वा! चहा फारच सुंदर झालाय.”

तिने माझ्या कपाकडे पाहिलं. कप काठोकाठ भरलेला, मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

“पडताळणी पूर्ण झाली वाटतं,” ती शांतपणे म्हणाली. तिची मावशी खारीला दिलेली होती. अंक त्या घरात सगळ्यांनी वाचला होता.

तरी तिने होकार दिला, हे तिचं मोठेपण. आता लग्नाला इतकी वर्षं झाली. झोपायला जाताना मी सांगतो, “गॅस बंद केलाय, दाराला कडी लावलीय.” ही वाद घालत नाही. गुपचूप उठते आणि स्वतः बघून येते.

आणि आता तुमच्यापासून काय लपवू? गॅस बऱ्याचदा चालूच असतो.