सोनवणे नानांच्या चार बाटल्या

नोकरीत असताना किस्से घडतात, पण सांगायला सवड नसते. रिटायर झाल्यावर सवडच सवड, पण घडत काही नाही! मग आम्ही तिघं जुनेच किस्से उगाळत बसतो. आम्ही तिघं म्हणजे आमचे हेडक्लार्क सोनवणे नाना, जीपचा ड्रायव्हर शेखभाई आणि मी, साधा क्लार्क. बैठक रोज संध्याकाळी अंबडला, नानांच्या ओसरीत. नवे किस्से घडतात ते फक्त नानांच्या घरी.

*

ऑफिसला स्वतःचा एक वास असायचा. डांबरगोळ्या, डिंक, कुबट फायली. पण दुपारी एकला नानांचा डबा उघडला की ऑफिसचा वास हद्दपार! वहिनींची येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. एकदा आमचे कडक साहेब केबिनमधून नाक वर करत बाहेर आले. नाना घाईघाईने फाईल पुढे करायला लागले, तर साहेब म्हणाले, "सोनवणे, फाईल राहू द्या. आधी डबा पुट अप करा!"

त्यानंतर साहेबांचे दौरे नेहमी एकच्या आत संपायला लागले.

*

आणि रिटायरमेंटनंतर त्याच वहिनींना वासच येईनासा झाला. साधा ताप आला, ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. आमटीची चव लागेना. पाण्याची आणि भाजीची चव सारखीच, म्हणून जेवण निम्म्यावर आलं. एकदा गॅस तसाच चालू राहिला आणि त्या शेजारीच तांदूळ निवडत बसलेल्या! नाना वेळेवर आले म्हणून बरं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा चार्ज नानांनी घेतला. येसर डब्यातच राहिला.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार तेलं. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाजवळ धरून हळू हुंगायची. महिनोन्‌महिने. येईल वास, नाहीही येणार. कुणी हमी दिली तर त्याच्याकडे जाऊ नका."

नानांना 'येईल' एवढंच ऐकू आलं.

*

पुण्याहून मुलीने चार बाटल्या पाठवल्या, सोबत वाफ सोडणारं एक यंत्र. चिठ्ठीत लिहिलेलं, दोन थेंब टाका, खिडकी उघडी ठेवा. नाना म्हणाले, "एवढ्या मोठ्या खोलीला दोन थेंब? मंजुरी कमी दिसून राह्यली." आणि निलगिरीची अर्धी बाटली ओतली! थंडीचे दिवस, खिडक्या बंद.

पाच मिनिटांत आम्हा तिघांच्या डोळ्यांतून धारा. शेखभाई खोकत खोकत अंगणात पळाला. "नाना, ये घर है के बाम की डिब्बी?"

वहिनी यंत्राच्या शेजारी शांत बसलेल्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं हो भाऊजी? सगळे का रडून राह्यले?"

यावर हसायचं होतं. कुणी हसलं नाही.

*

शेखभाईचा गुडघा जुनाच दुखरा. लवंगेच्या तेलाने दुखणं जातं, असं त्याने कुठंतरी ऐकलं. ते खोबरेल तेलात थेंबभर मिसळून लावायचं, असं मी त्याला बाटलीवरून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "असली माल में मिलावट कायकू?" आणि तसंच चोळलं.

दुसऱ्या दिवशी लुंगीत आला. गुडघा टोमॅटोसारखा.

"दुखणं गेलं का?" मी विचारलं.

"गया ना! जलन के सामने दर्द की क्या औकात!"

*

चतुर्थीला नाना राजूरला गणपतीला गेले आणि येताना 'असली चंदन तेल' घेऊन आले. विकणाऱ्याने सांगितलेलं, रोज चमचाभर पाण्यातून पोटात घ्या, डोक्यापासून पायापर्यंत सगळं मोकळं होतं. नाना चमचा घेऊन उभे.

वहिनी म्हणाल्या, "अहो, वास गेलाय. अक्कल न्हाई गेली!"

डॉक्टरांना फोन लावला. नानांना फोनवर काय ऐकावं लागलं ते कळलं नाही, पण बाटली त्याच मिनिटाला कुलपात गेली. नातवंडं येतात म्हणून बाकीच्या चार बाटल्याही मग हुंगून झालं की कुलपातच.

*

मधे एक काळ फार आनंदाचा गेला. नाना रोज सकाळी वहिनींना डोळे मिटायला लावून बाटली हातात देत आणि विचारत, "कोणता?" वहिनी बरोबर उत्तर देत. गुलाब. लवंग. लिंबू. नाना ओसरीत येऊन आम्हाला निकाल जाहीर करत, जणू वहिनी बोर्डात आल्यात!

दिवाळीला मुलगी आली. तिने बघितलं, आई बाटलीचं झाकण बोटाने चाचपते. चारही झाकणं वेगळ्या घडणीची!

"आई, खोटं कशाला बोलायचं?"

"अगं, ते किती खूश व्हतेत."

नाना दारातच उभे होते. आत येऊन त्यांनीही एकेक झाकण चाचपून बघितलं. मग म्हणाले, "मंग बंद करू का हे?"

"राहू द्या चालू," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षांत सकाळचं कधी माझ्याजवळ बसलात? ऑफिस, ऑफिस!"

बाटल्या चालू राहिल्या. निकाल जाहीर होणं बंद झालं.

*

परवाची गोष्ट. आम्ही ओसरीत, वहिनी आमच्यातच मेथी निवडत बसलेल्या. नाना चहाचं दूध गॅसवर ठेवून बाहेर आले आणि बदलीच्या एका जुन्या भानगडीत रंगले. साहेबांची नक्कल ऐन भरात आली होती. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दूध लागलं बघा."

"हो हो," म्हणत नाना आत गेले. गॅस बंद केला. सांडशीत पातेलं धरून तसेच दारात येऊन उभे राहिले.

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? केवढा वास येऊन..."

वहिनींचा हात मेथीतच थांबला.

नाना पातेल्यात बघत राहिले. मग वळले आणि त्याच दुधाचा चहा करून घेऊन आले. करपट, कडू. नवरा-बायकोने एकेक घोट घेतला, दोघांनीही तोंड वाकडं केलं आणि एकमेकांकडे बघितलं.

शेखभाईने कप उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला.

"नाना," तो म्हणाला, "मेरेकू और एक कप होना!"