मागच्या चाकाची जाळी

जुनी गाडी जांबोटीच्या चढावर कायमची बसली, तेव्हाच ठरवलं होतं की आता घेईन ती पळणारी. आठवडाभर वडगाव ते उद्यमबाग, तिथं फौंड्रीतली भट्टी आणि परत घर. रविवारी हायवेनं निपाणीपर्यंत सुसाट जाऊन यायचं, एवढंच काय ते माझं सुख. पण त्याच सुमाराला आईचं डायलिसिस सुरू झालं. रिक्षात तिला मळमळायचं, म्हणून दवाखान्याला गाडीवर मागं बसवून मीच न्यायचो.

शोरूमलाही तिला बरोबर नेलं. मला आवडलेल्या गाडीची मागची सीट उंच आणि वीतभर, चाक उघडं. आई साडी नेसणारी, एका बाजूनं बसणारी. दोनदा धडपडली, चढता येईना. मग म्हणाली, "तुला आवडतीया तीच घे रं. मी काय लई दिवस न्हाय."

"गप बस," मी चारचौघांत खेकसलो. तिचाही राग आला होता आणि त्या गाडीचाही.

शेवटी दोघांनाही चालेल अशी मधली घेतली. इंजिन दमदार, सीट लांब आणि सपाट. साडी गार्ड लावा म्हटल्यावर सेल्समन हसला. "आता कोण लावत न्हाय, लूक जातोय."

"लूक तुझ्या घरी ठेव," मी म्हटलं. "गार्ड लाव."

आईनं गार्डच्या सळ्यांमधून हात घालून बघितला. घरच्या पावरलूमवर जन्मभर साड्या विणलेली बाई. पदर खोचल्याशिवाय मागाजवळ उभी राहायची नाही. शेजारणीचा पदर मागात गेला तेव्हा ती तिथंच होती. "फट मोठी हाय, पदर जातोय ह्यातनं," म्हणाली. घरी येऊन उरल्यासुरल्या सुताची बारीक जाळी विणली आणि गार्डवर घट्ट बांधली. लाल, हिरवी, मोरपंखी. कामावरची पोरं विचारायची, "काय रं, गाडीवर मासं धरतोस व्हय?"

पावसाळा संपेपर्यंत ती त्या सीटवर बसली. जरा पळवली की पाठीवर बोटानं टकटक करायची. शेवटच्या वेळी ती ॲम्ब्युलन्समधून घरी आली, आणि मी मागून रिकामी सीट घेऊन.

दिवसकार्य झाल्यावर गाडी सर्व्हिसिंगला टाकली. आणायला गेलो तर मागच्या चाकाला जाळी नव्हती. मेकॅनिक खुशीत होता. "अण्णा, कसला तरी सुताचा गुंता अडकला व्हता. कापून टाकला. आता बघा कशी पळतीया."

कचऱ्याचा डबा उपसला. ऑइलचे बोळे निघाले, जाळी नाही. त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं, पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? गाडी चालू केली आणि निघालो.

त्या रविवारी हायवेला लागलो. गाडी मला हवी होती तशीच पळाली. लई पळवली. पाठीवर टकटक झाली नाही. निपाणी यायच्या आधीच मी ती वळवून घरी आणली.