वहिनीचं अळणं

अन्याय झाला तो माझ्या यमुनावहिनीवर. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, भर दुपारी, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात. त्याच दिवशी त्या इस्पितळाला हृदयरोगावरच्या उत्तम उपचारांबद्दल मान मिळाला होता. दाराला तोरणं, वॉर्डातून पाहुणे फिरताहेत, आणि त्यांच्यादेखत मोठे डॉक्टर वहिनीच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून म्हणाले, "ही चोरून मीठ खाते. या लोकांना सांगून उपयोग नाही." सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन झालं नाही तर फार दिवस नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे बाईला खोटारडी ठरवली आणि मरायला घरी पाठवली.

मी मुरुडकडच्या कोळीवाड्यातला. मच्छीमारांसाठी पत्रकं लिहितो, कचेऱ्यांतून भांडतो. देवळात जातो तो आईच्या भिडेखातर. इस्पितळातही भांडलो. स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली, अजून आमची बाई तुमच्या लेखी चोरच का, असं विचारलं. शिपायानं दंड धरून जिन्यापर्यंत पोचवलं. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, मी न्हाय खाल्लं." ते मला सांगायला नको होतं. घरात तिचा भात अळणी, कालवण अळणी, भाकरीच्या पिठातही मीठ नाही. अळणी घास उतरत नाही म्हणून आई त्यासोबत खाऱ्या मासळीचा एक तुकडा भाजून द्यायची, तोही धुऊन. पावसाळ्यात कोळ्याच्या घरी दुसरं असतं काय?

दादा होडीवर होता. हंगाम नुकताच सुरू झालेला. वहिनीला घेऊन मी एकटाच निघालो. लाँचनं रेवस, तिथून एस्टी. नागावच्या पुढं रस्त्यावर पाणी आलं आणि गाडी अडली. वहिनीला धाप लागली होती, ओठ काळेनिळे पडले होते. नारळीच्या वाडीतल्या एका विधवा मावशींनी आम्हाला पडवीत बोलावलं, घोंगडी अंथरली. मी गाठोड्यातली खारी मासळी काढून निखारे मागितले, तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"देवीचं अळणं धरलंय मी अमावास्येपर्यंत. ह्या घरात खारं शिजायचं न्हाय."

मी म्हणालो, आजाऱ्याच्या तोंडचा घास काढणारी ही कसली देवी? वहिनीचंही अळणंच आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं.

"मग खारं कसं खाते? आमच्याकडं पापड खाल्ला तरी अळणं मोडतं."

मला ते सोवळंओवळं वाटलं. पत्रकातली सगळी भाषा जिभेवर आली. पण वहिनीनं गाठोडं मागं सारलं. "ऱ्हाऊ द्या, भावजी. त्यांच्या देवीचं घर हाय. अन् तुमी किती भांडाल?"

खरंच, किती? इस्पितळात, धक्क्यावर, एस्टीत, सगळीकडं भांडून मी रिकामा झालो होतो. पायरीवर बसलो. देव्हारा आत होता, दिसतही नव्हता. हात जोडले नाहीत, नवस बोललो नाही. मनातल्या मनात त्या देवीला इतकंच म्हणालो, बाई, माझ्यानं आता होत नाही, तू बघ. त्याला प्रार्थना म्हणत असतील तर ती माझी पहिली.

पाणी ओसरलं, गाड्याही सुरू झाल्या, पण वहिनीला हलवण्यासारखं नव्हतं. मावशी म्हणाल्या, अमावास्येपर्यंत राहा. नारळाचं दूध घातलेला भात, वाडीतली भाजी, सगळं अळणी. वर डॉक्टरांच्याच गोळ्या. मी कुढत होतो. आणि एका सकाळी वहिनी पाय पुढं करून म्हणाली, "भावजी, घोटा दिसाया लागला." मी बोटानं दाबून पाहिलं. सुजेचा खड्डा राहिला नाही. तेव्हा कुठं मावशींचं ते पापडाचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. मासळी आम्ही मासळीच धरत होतो. तिला मीठ म्हणून कुणी मोजलंच नव्हतं.

तसेच मुंबईला परतलो. डॉक्टर पाय बघून म्हणाले, "शेवटी ऐकलंस तर."

माझं तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली. "आदीबी ऐकतच व्हते, सायेब. खाऱ्या म्हावऱ्याचं कुनी इचारलंच न्हाय."

 डॉक्टर पलीकडच्या खाटेवरच्या, करंजा गावच्या कोळीण म्हातारीकडं वळले आणि तिला विचारलं, "आजी, घरी काय काय खाता?" मला माफी हवी होती. ती मिळाली नाही, हे मिळालं. ऑपरेशन उत्तम झालं. त्या इस्पितळाला मिळालेला मान खोटा नव्हता, एवढं मी लिहून देतो.

वहिनी आता सावकाश का होईना, बंदरापर्यंत चालत जाते. मी अजून भांडतो, पण दमतो, आणि दमल्यावर कुणाच्या हवाली व्हायचं ते कळलंय. गाडी अडली, मासळी नाकारली गेली, माझं भांडण थांबलं. मला जो अडथळा वाटला, तीच देवीची कृपा होती. मीठ सुटलं म्हणून सूज उतरली, हे मी जाणतो. मीठ सोडवलं कुणी, हे मी तिच्यावर सोपवतो.

तुमच्या घरी हृदयाचा रोगी असेल तर हे वाचून हळहळू नका. उठा. आज त्याच्या ताटाशी बसा, खारं, पापड, लोणचं काय आहे ते बघा. आणि तो म्हणाला, "मी पथ्य पाळतो," तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, मग शोधा.