साहेबांनी खाली ठेवलेला कहवा

साहेब विमानात बसत नसत. दुबईत तेव्हा विमानं यायला लागली होती, पण स्कॉटलंडला म्हाताऱ्या आईला भेटायला जायचं असलं तरी ते खाडीतून लाँचने बाहेर जायचे, मुंबईच्या बोटीवर चढायचे आणि पुढे कित्येक दिवस समुद्रातून प्रवास करायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "माझं उडून झालंय." महायुद्धात ते बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे पायलट होते. युद्धानंतर वकिली शिकले, देश सोडला, काही वर्षं एडनला काढली आणि मग दुबईच्या देरा भागात खजुराच्या एका वखारीवर दोन खोल्या घेऊन ऑफिस थाटलं.

मी त्यांचा टायपिस्ट आणि दुभाषा. अरबी वाचायला मी रत्नागिरीकडच्या आमच्या गावातल्या मदरशात शिकलो आणि बोलायला देऱ्याच्या बाजारात. ते मला मुन्शी म्हणत. त्यांना कुणी इंग्रज म्हटलं की मात्र बिघडायचं.

"मुन्शी, तुला मी बंबईवाला म्हणू?"

"नको साहेब. मी रत्नागिरीचा."

"मग? तुझ्याकडे पाऊस, मासे आणि घर सोडून गेलेले पुरुष. माझ्याकडेही तेच. इंग्रजांकडे काय आहे?"

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथे लॉरी चालवायचा. त्याला गावाहून मीच बोलावलं होतं. एके दिवशी खाडीवर माल भरायला तो लॉरी मागे घेत होता, क्लीनर चहाला गेला होता. मागे गोण्यांजवळ एक हमाल वाकलेला होता, डोंगरांपलीकडच्या फुजैऱ्याचा, विशीतला. तो जागीच गेला.

मेहुण्याला कोठडीत टाकलं. मी डबा घेऊन जायचो, तो भाताला हात लावायचा नाही. "भाई, मी आरशात बघितलं. उतरून मागं नाय बघितलं," एवढंच पुन्हा पुन्हा सांगायचा. बापाने माफ केलं तर सुटका, नाहीतर किती वर्षं आत ते काझी ठरवणार, असा तिथला न्याय. त्याची कंपनी भरपाई द्यायला तयार होती. बापाने निरोप पाठवला, मुलगा विकायला काढलेला नाही.

"मग आपण जाऊन मागू," साहेब म्हणाले. "यल्ला, चल."

फुजैऱ्याला तेव्हा रस्ता असा नव्हताच. डोंगरांतल्या कोरड्या नदीच्या पात्रातून, दगडगोट्यांवरून लँडरोव्हर न्यावी लागे. साहेब स्वतः चालवत होते. त्या म्हाताऱ्या बापाचं घर समुद्राजवळ, आमच्याकडे माडाच्या झापांचं असतं तसं खजुराच्या झापांचं. त्याने आम्हाला चटईवर बसवलं. त्याच्या भावाने खजूर पुढे केला आणि बिनदांड्याच्या छोट्या कपात कहवा ओतला.

आमच्या कोकणात कुणाच्या दारी गेलं आणि पुढे आलेला कप नाकारला, तर तो घरधन्याचा अपमान. मी लगेच प्यालो. कप रिकामा झाला की भाऊ पुन्हा भरायचा आणि मी पुन्हा प्यायचो. कप हलवला की 'पुरे' हे मला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तिथे राहून मी बाजारात चहाच प्यालो होतो, कुणा अरबाच्या घरी मागणं घेऊन कधी गेलो नव्हतो. रीतभात कळावी म्हणून साहेब माझ्याकडे बघत होते. मी प्यालो म्हणून तेही प्याले.

मग त्यांनी विषय काढला, मी भाषांतर सुरू केलं, तोच म्हातारा उठला. "तुम्ही कहवा प्यालात, माझे पाहुणे झालात. पाहुण्यांचं पोट भरलं, आता त्यांनी सुखाने जावं."

बाहेर गाडीपाशी त्याचा भाऊ मला म्हणाला, "मागणं घेऊन येणारा माणूस कप खाली ठेवतो, हबीबी. घरधनी 'दिलं' म्हणाला की मगच पितो. तुम्ही तर काही न मागताच प्यालात."

परतीच्या वाटेवर साहेबच बोलले, "मुन्शी, मी एका इंजिनावर विमान घरी आणलंय. पण तीन कप कॉफीत केस कधी घालवली नव्हती." ते हसले. मला हसू आलं नाही. कोठडीत जाऊन मी मेहुण्याला सांगितलं, म्हातारा घरी नव्हता. बहिणीलाही तेच कळवलं, आणि आजवर तिला खरं सांगितलेलं नाही.

उन्हाळा ओसरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. म्हाताऱ्याने दारातून परत पाठवलं नाही, हेच पुष्कळ होतं. या वेळी साहेबांनी कप घेतला आणि चटईवर ठेवला. मीही ठेवला. कहव्यावरची वाफ बघता बघता विरली.

"बोला," म्हातारा म्हणाला.

कुराणातली माफीची वचनं मी साहेबांना टाइप करून दिली होती. त्यांनी ती काढलीच नाहीत.

"मी विमानातून बॉम्ब टाकायचो," ते म्हणाले. "रात्री, शहरांवर. खाली कोण होतं ते मी बघितलं नाही."

मी भाषांतर थांबवलं. मुलगा गमावलेल्या बापापुढे हे कसं बोलायचं? आमची उरलीसुरली आशाही जाईल.

"मुन्शी, जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं.  म्हाताऱ्याने विचारलं, "त्या लोकांनी तुला माफ केलं?"

"कुणाकडे जाऊ? त्यांची घरं मला माहीत नाहीत. हा ड्रायव्हर माझ्यापेक्षा सुदैवी आहे. कुठल्या दारी जायचं ते त्याला माहीत आहे."

"मग तो का आला नाही? वकील का आला?"

"तो कोठडीत आहे."

"त्याला आणा," म्हातारा म्हणाला. 'दिलं' म्हणाला नाही. आमचे कप भरलेलेच राहिले.

साहेबांनी काझीपुढे स्वतः जामीन राहून परवानगी मिळवली. तिसऱ्या खेपेला गाडीत मागे मेहुणा आणि एक पोलीस. त्या सबंध वाटेवर मी मेहुण्याला एकच गोष्ट घोकवली, "कपाला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही." तो लहान मुलासारखी मान डोलवायचा.

तो चटईवर बसला. आमच्या तिघांसमोर कप आले, तिन्ही चटईवरच राहिले. म्हाताऱ्याने विचारलं, "तू बघितलंस त्याला?"

मी भाषांतर केलं. मेहुणा मराठीतच बोलला, "नाय बघितलं. मागं बघितलं असतं तर..."  त्याचं भाषांतर मी केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

म्हातारा गुडघ्यांवर हात रोवून उठला, जवळ आला, खाली ठेवलेला कप उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "दिलं. पी."

 मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. "भाई, पिऊ काय?"

 साहेबच आपल्या बाजारी हिंदीत म्हणाले, "पियो बाबा, पियो."

तो प्याला. मीही प्यालो. साहेबांचा कप मात्र तसाच चटईवर होता. म्हाताऱ्याने तो बघितला. "तुझं काम झालं ना?"

"त्याचं झालं," साहेब म्हणाले.

मी तसंच सांगितलं.  "तुझी माफी देणारा मी कोण?" असं म्हणून म्हाताऱ्याने गार झालेला कहवा दाराबाहेर वाळूत ओतला, भावाकडून कप पुन्हा भरून घेतला आणि साहेबांपुढे धरून उभा राहिला.

साहेबांनी तो घेतला. कप हलवून 'पुरे' कसं म्हणायचं ते एव्हाना त्यांना येत होतं. त्यांनी कप हलवला नाही. भाऊ भरत राहिला आणि ते पीत राहिले.